जलक्रीडेचे साहित्य: परदेशातून मागवावे की मुंबईतच घ्यावे?

नारळी पौर्णिमा उलटून समुद्र जरा निवळला आणि मांडव्याच्या बोटी पुन्हा सुरू झाल्या, की मुंबईतल्या हौशी मंडळींना पाण्यात उतरण्याचे वेध लागतात. त्याच सुमारास साहित्याच्या खरेदीचा प्रश्नही दरवर्षी नव्याने उभा राहतो. परदेशी संकेतस्थळावर डोळे-नाक झाकणारा पाण्यातला मास्क, पायात घालायच्या पंखांसारख्या फिन्स, वल्हे किंवा हवा भरून उभ्याने वल्हवायचा पॅडल बोर्ड इथल्यापेक्षा बराच स्वस्त दिसतो आणि तिथे निवड शेकडो नमुन्यांतून करता येते. इथल्या दुकानात मात्र दोन-तीनच नमुने टांगलेले असतात आणि आपल्या मापाचा नेमका संपलेला असतो. मी दोन्ही मार्गांनी खरेदी केली आहे आणि दोन्हीकडे थोडेफार पैसे वायाही घालवले आहेत. त्यातून एक गोष्ट पक्की समजली, ती अशी की वस्तूची किंमत पाहण्याआधी ती गळली, फाटली किंवा अंगाला बसली नाही तर कोणाच्या दारात उभे राहायचे, हे ठरवावे. पुढचा सगळा हिशेब त्या एका प्रश्नावर अवलंबून आहे.

तरीही सुरुवात पैशांपासूनच करू, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते. परदेशातून कुरिअरने किंवा टपालाने आलेल्या वस्तूवर सीमाशुल्क आकारले जाते, ते केवळ वस्तूच्या किमतीवर नव्हे, तर किंमत, वाहतूक खर्च आणि विमा यांच्या बेरजेवर. त्या बेरजेत सीमाशुल्क मिळवून जो आकडा येतो, त्यावर पुन्हा एकात्मिक जीएसटी लागतो. समजा, १०,००० रुपयांच्या फिन्स मागवल्या आणि वाहतुकीला ३,५०० रुपये पडले. दर अर्थसंकल्पागणिक बदलत असल्याने उदाहरणापुरते सीमाशुल्क १० टक्के आणि जीएसटी १८ टक्के धरू आणि अधिभार बाजूला ठेवू. १३,५०० रुपयांवर शुल्क झाले १,३५०. १४,८५० रुपयांवर जीएसटी झाला २,६७३. म्हणजे एकूण १७,५२३ रुपये. त्यात कार्डावरची परकीय चलनाची आकारणी आणि कुरिअर कंपनीचा हाताळणी खर्च मिळून हजारभर रुपये धरले, तर दहा हजारांची वस्तू साडेअठरा हजारांना घरात येते. इथल्या दुकानातली तीच वस्तू चौदा हजारांना 'महाग' म्हणून आपण सोडून आलेलो असतो. मागणी नोंदवण्यापूर्वी केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर चालू दर पाहून हा हिशेब कागदावर मांडावा. पाच मिनिटांचे काम आहे.

दुसरा सापळा वजनाचा. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि घनफळावरून काढलेले वजन यांपैकी जे जास्त असेल, त्याचे पैसे घेतात. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि त्याला ५,००० ने भागायचे, ही हवाई कुरिअरची सर्वसाधारण रीत आहे. ६५ × २५ × १५ सेंटिमीटरच्या खोक्यातल्या फिन्स काट्यावर दोन किलो भरल्या, तरी आकारणी जवळजवळ पाच किलोंची होते. घडी घातलेल्या पॅडल बोर्डाचे ९५ × ४५ × ३५ सेंटिमीटरचे खोके तीस किलोंचे धरले जाते. तीन मीटर लांब, ७५ सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच अशा प्लास्टिकच्या कयाकचे वजन या हिशेबाने १८० किलो होते, जी प्रत्यक्षात दोन माणसे सहज उचलतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण कयाकसाठीच जन्माला आली असावी. तेव्हा कडक बांधणीची कयाक, सर्फबोर्ड किंवा होडीची डोलकाठी एकट्याने परदेशातून मागवण्याचा विचार सोडून द्यावा. अशा वस्तू इथल्या उत्पादकाकडून किंवा समुद्रमार्गे कंटेनर भरून आणणाऱ्या आयातदाराकडूनच घ्याव्यात.

एखादा विक्रेता 'पाकिटावर भेट म्हणून लिहू का' असे विचारतो. त्याला स्पष्ट नकार द्यावा. पूर्वी टपालाने आलेल्या पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना सवलत होती. डिसेंबर २०१९ पासून जीवरक्षक औषधे आणि राख्या वगळता ती बंद झाली आहे. किंमत कमी दाखवलेले पाकीट अडकले, तर खुलासे देण्यात सुट्टीचे दिवस जातात आणि हंगामही हातचा जातो. पाकीट सोडवण्यासाठी कुरिअर कंपनी ओळखपत्राची कागदपत्रे मागते. ती देण्यापूर्वी संदेश खरोखर त्याच कंपनीचा आहे याची खात्री करावी, कारण 'तुमचे पार्सल कस्टममध्ये अडकले आहे' असे खोटे संदेश पाठवून पैसे उकळणारेही बरेच आहेत. टपालाने आलेल्या पाकिटांचा संबंध बॅलार्ड पिअरच्या विदेश डाकघराशी येतो, तर हवाई कुरिअरचा सहारच्या विमानतळाशी. क्लबातल्या आठ जणांनी मिळून एकाच्या नावावर आठ मास्क मागवण्याची कल्पना मोहक असते; पण वैयक्तिक वापरासाठी म्हणून मिळणारी मोकळीक अशा मागणीला लागू होईलच असे नाही, आणि व्यापारी आयात ठरली तर आयात-निर्यात संकेतांक मागितला जातो.

आता मापाकडे येतो. किमतीपेक्षाही यातच खरी मेख आहे. मी पहिला चांगला मास्क परदेशातून मागवला होता. संकेतस्थळावरची वर्णने वाचून, तक्ते पाहून, चार दिवस विचार करून निवडला आणि तारकर्लीच्या पाण्यात उतरलो, तर दर दोन मिनिटांनी नाकाशी पाणी साचू लागले. पट्टा आवळला, तर गळती वाढली. मुंबईला परतल्यावर एका दुकानदाराला तो दाखवला. त्याने मास्क हातात घेतला, एकदा माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, मास्क उत्तम आहे. मिशी बारीक करा, नाहीतर वरच्या ओठाशी रुंद कड असलेला घ्या." हे एक वाक्य कोणत्याही तक्त्यात नव्हते. मिशी राखायची होती, म्हणून दुसरा मास्क त्याच्याकडूनच घेतला.

मास्क पारखण्याची रीत सोपी आहे. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर हलकेच टेकवावा, नाकाने थोडा श्वास आत घ्यावा आणि हात सोडावा. श्वास रोखलेला असेपर्यंत मास्क जागीच राहिला, तर तो तुमचा. ही चाचणी छायाचित्रावर करता येत नाही. फिन्सचेही तसेच. पूर्ण पाऊल झाकणाऱ्या फिन्स अनवाणी पायात घालायच्या असतात, तर टाचेशी पट्टा असलेल्या फिन्स बुटावर; आणि युरोप, अमेरिका व ब्रिटन यांचे पादत्राणांचे क्रमांक वेगवेगळे असल्याने एकच आकडा तीन अर्थांनी वाचला जातो. आपल्याकडे अनेकांचे पंजे रुंद असतात. लांबीला बसलेली फिन अर्ध्या तासात करंगळीशी रुतू लागते. म्हणून मास्क, फिन्स, बूट, वेटसूट (पाण्यात ऊब देणारा अंगासरसा पोशाख) आणि लाइफ जॅकेट या अंगाला भिडणाऱ्या वस्तू पहिल्यांदा घेताना तरी दुकानातच घालून पाहाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. एकदा अमुक कंपनीचे अमुक माप आपल्याला बसते हे कळले, की पुढची जोडी कुठूनही मागवायला हरकत नाही.

वेटसूटबद्दल थोडे अधिक. परदेशी संकेतस्थळांवरचे बहुतेक सल्ले थंड समुद्र डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले असतात आणि पाच मिलिमीटर जाडीचा सूट हीच सुरुवात असल्यासारखे ते बोलतात. कोकण किनाऱ्याचे पाणी हिवाळ्यातही साधारण चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली सहसा जात नाही. इथे उन्हापासून आणि जेलीफिशपासून वाचवणारा लांब बाह्यांचा पातळ अंगासरसा सदरा, म्हणजे रॅश गार्ड, पुरतो. फार तर दोन-तीन मिलिमीटरचा आखूड सूट. जाड सूट घेऊन गिरगाव चौपाटीसमोर वल्हे मारणाऱ्याला समुद्रात उकडून निघण्याचा दुर्मीळ अनुभव मिळतो. शिवाय मुंबईच्या दमट हवेत निओप्रीन, म्हणजे सूटचे रबरी कापड, नीट वाळत नाही आणि कपाटात त्याला बुरशी धरते. हे इथला विक्रेता सांगतो, कारण त्याच्या स्वतःच्या मालालाही तीच धरलेली असते.

ज्या वस्तूंवर जीव टांगलेला असतो, त्यांचा विचार वेगळा करावा. लाइफ जॅकेट घेताना आधी आतले लेबल वाचावे. आयएसओ १२४०२ या मानकात तरंगशक्तीच्या ५०, १००, १५० आणि २७५ न्यूटन अशा पातळ्या आहेत. पन्नास न्यूटनचे जॅकेट हे पोहता येणाऱ्यासाठी, किनाऱ्याजवळ आणि मदत हाकेच्या अंतरावर असताना वापरायचे साधन आहे. कयाक आणि पॅडल बोर्डसाठी हात मोकळे राहतात म्हणून तेच सोयीचे. ते बेशुद्ध माणसाला उताणे करीलच, अशी अपेक्षा ठेवू नये. पोहता न येणाऱ्यासाठी शांत पाण्यात निदान शंभर, आणि खुल्या समुद्रातील शिडाच्या होडीवर दीडशे न्यूटनचा विचार करावा. लेबलावर मानकाचा क्रमांक, वजनाचा पल्ला आणि उत्पादकाचे नाव नसेल, तर ते जॅकेट मुंबईचे असो वा मिलानचे, घेऊ नये. दुकानात सगळे पट्टे आवळून मागे उभ्या असलेल्या माणसाला खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढायला सांगावे. जॅकेट हनुवटीपर्यंत आले, तर ते सैल आहे.

काही जण दारूखाना या मुंबईतल्या जहाजभंगाराच्या बाजारातून नारिंगी जॅकेट तीन-चारशे रुपयांत आणतात. मी दारूखान्याचा चाहता आहे. पितळी कप्पी, साखळदंड, जाड दोर यांसाठी तिथे अर्धा दिवस आनंदात जातो. पण जॅकेटच्या आतला फोम किती वर्षे दबून पडला होता हे कोणी सांगू शकत नाही, आणि ते जॅकेट बुडते जहाज सोडण्यासाठी बनवलेले असल्याने त्यात वल्हे धड फिरतही नाही. आपोआप फुगणारे जॅकेट परदेशातून घेण्याआधी त्यात बसणारी कार्बन डायऑक्साइडची नळी इथे मिळते का, ते विचारावे. ती दाबाखालची वस्तू असल्याने विमानाने पाठवायला विक्रेते तयार नसतात, आणि एकदा फुगलेले जॅकेट नळीवाचून निव्वळ कापड असते.

स्कूबाच्या साहित्यात मी स्थानिक बाजूला आणखी झुकतो. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वास घेता येईल अशा दाबाने तोंडापर्यंत पोचवणारे यंत्र, ही एकदा घेऊन विसरण्याची वस्तू नव्हे. बहुतेक उत्पादक वर्षाकाठी तपासणी करायला सांगतात आणि सुटे भाग अधिकृत तंत्रज्ञालाच देतात. परदेशातून घेतलेल्या रेग्युलेटरची हमी अनेकदा त्याच देशापुरती असते. घेण्यापूर्वी त्या कंपनीचा भारतातला अधिकृत विक्रेता कोण, दुरुस्ती कुठे होते आणि इथे न घेतलेला नग तो स्वीकारतो का, हे तीन प्रश्न फोन करून विचारावेत. ज्या केंद्रावर डुबकी मारणार, तिथल्या सिलिंडरची जोडणी योक (वरून आवळायच्या) पद्धतीची आहे की डीन (आट्यांच्या) पद्धतीची, हेही पाहावे. सिलिंडर मात्र परदेशातून मागवू नये. भरलेला असो वा रिकामा, दाबाखालच्या वायूच्या सिलिंडरला २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांखाली परवानगी लागते आणि ती प्रक्रिया हौशी माणसाच्या आवाक्यातली नाही. तारकर्ली असो वा गोवा, तो केंद्रावरच मिळतो.

मग परदेशातून मागवावे तरी काय? जे हलके आहे, ज्याला माप नाही किंवा ज्याचे माप पक्के ठाऊक आहे, ज्याच्या बिघाडाने जीव धोक्यात येत नाही, आणि जे इथे खरोखरच मिळत नाही. शिडाच्या विशिष्ट वर्गातील होडीचे सुटे भाग, जुन्या फिन्सचे पट्टे, मास्कचे नंबराचे भिंग, वल्ह्याची कार्बनची पाती, रेसिंगचे विशिष्ट गॉगल्स या यादीत सहज बसतात. दुबईहून किंवा सिंगापूरहून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेत अशा वस्तू येऊ शकतात. मात्र प्रवाशाच्या सामानाची शुल्कमुक्त मर्यादा किती, हे त्या वेळच्या नियमांत पाहून घ्यावे आणि बिल बॅगेत ठेवायला सांगावे. डुबकीच्या टॉर्चची सुटी लिथियम बॅटरी चेक-इन बॅगेत चालत नाही, ती हातातल्या सामानात न्यावी लागते. सुरी मात्र उलट, चेक-इनमध्येच.

एक गोष्ट कोणालाही आणायला सांगू नये. खुल्या समुद्रात किंवा डोंगरात संदेश पाठवण्यासाठी परदेशात सर्रास विकली जाणारी उपग्रह-संदेश यंत्रे आणि उपग्रह फोन भारतात परवानगीवाचून बाळगणे बेकायदा आहे आणि त्यावरून विमानतळांवर परदेशी पर्यटकांनाही ताब्यात घेतले गेले आहे. हातात धरायच्या मरीन रेडिओलाही परवाना लागतो. 'सुरक्षेसाठी आणले' हे उत्तर तिथे चालत नाही.

स्थानिक दुकान म्हणजे नेमके काय, याचाही विचार व्हावा. डेकॅथलॉनचे दालन ठाण्यात असले, तरी कंपनी फ्रेंच आहे. तिथे घालून पाहता येते, परत करता येते आणि सुरुवातीच्या साहित्याला ती जागा उत्तम आहे, हे मान्य करायला हवे. धोबीतलावच्या रांगेतली जुनी क्रीडासाहित्याची दुकाने पोहण्याच्या वस्तूंसाठी चांगली; तिथल्या कोणाकडे समुद्राचे साहित्य असेलच असे नाही. दोर, शॅकल, कड्या यांसाठी नागदेवी स्ट्रीट आणि भाऊच्या धक्क्याच्या आसपासची दुकाने पाहावीत. स्टेनलेस स्टील घेताना मात्र ३१६ प्रतीचे मागावे; ३०४ प्रत खाऱ्या पाण्यात लवकर गंजाचे डाग धरते, कारण ३१६ मध्ये असलेला मॉलिब्डेनम तिच्यात नसतो. याखेरीज गेटवे, मांडवा, पवना, मालवण इथली प्रशिक्षण केंद्रे आणि क्लब हेही एक प्रकारचे दुकानच असते. त्यांच्याकडे वापरलेले साहित्य विकायला निघते, आणि ते विकत घेण्याआधी त्याच पाण्यात वापरूनही पाहता येते. नवशिक्याने पहिला हंगाम भाड्याच्या साहित्यावर काढून मग खरेदी केली, तर या लेखातला निम्मा भाग त्याला लागणारही नाही.

स्थानिक आहे म्हणून डोळे मिटून घ्यावे, असे मात्र मी म्हणणार नाही. आयात केलेल्या वेष्टित वस्तूवर आयातदाराचे नाव व पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असणे बंधनकारक आहे. ती पट्टी नसेल, तर माल कुणाच्या तरी बॅगेतून आलेला आहे आणि हमी फक्त दुकानदाराच्या तोंडी शब्दाची आहे, असे समजावे. 'बिल नको असेल तर हजार कमी' या सवलतीला भुलू नये. ते बिल हाच आपला हक्क असतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते आणि १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आधी दाद मागता येते. परदेशी विक्रेत्याविरुद्ध तक्रार कागदावर शक्य असली, तरी वसुली करताना दमछाक होते. सदोष निघालेली आयात वस्तू परत पाठवल्यास भरलेले शुल्क परत मिळण्याची तरतूद सीमाशुल्क कायद्याच्या कलम २६अ मध्ये आहे. पण त्याच्या अटी आणि मुदती पाहता, तीन हजारांच्या शुल्कासाठी कोणी ती वाट चालेल असे वाटत नाही.

दुकानात जाऊन अर्धा तास पाच मास्क लावून पाहायचे, दुकानदाराकडून सगळे शिकून घ्यायचे आणि बाहेर पडून फोनवर परदेशातून मागणी नोंदवायची, ही रीत मला अप्रामाणिक वाटते. किमतीत मोठा फरक असेल, तर तो दुकानदाराला सरळ दाखवावा आणि वर मांडलेला हिशेबही सांगावा. माझा अनुभव असा, की तो नेहमी थोडे कमी करतो, किंवा हवे ते माप पुढच्या मालाबरोबर मागवून देतो. अशी खास मागणी देताना आगाऊ रक्कम, मुदत आणि माप चुकल्यास काय, हे पावतीवर लिहून घ्यावे. हमीही मिळते आणि कस्टमची कटकटही त्याचीच.

वेळेचेही भान ठेवावे. जून-जुलैमध्ये समुद्र बंद असतो. परदेशातून काही मागवायचे असेल तर तेव्हाच मागवावे, म्हणजे पाकीट दोन आठवडे अडकले तरी जीव वरखाली होत नाही. रेग्युलेटर आणि फुगणारी जॅकेटेही त्याच काळात तपासणीला द्यावीत, कारण ऑक्टोबरमध्ये तंत्रज्ञ फोन उचलत नाहीत. पाकीट आले, की ते उघडतानाचे चित्रीकरण करावे आणि परत करण्याची मुदत संपण्याआधी वस्तू गोड्या पाण्यात वापरून पाहावी. शिवाजी पार्कच्या तलावात किंवा सोसायटीच्या पूलमध्ये वीस मिनिटे पुरतात. तलावाच्या कर्मचाऱ्याला आधी विचारावे. फिन्स सगळीकडे चालत नाहीत.